विशाखाची हजेरी

मु. पो. कुसुंबखेडे, ता. एरंडोल
१४ फेब्रुवारी १९८८

चि. आधार यास थोरली बहीण द्रौपदाचा आशीर्वाद आणि जय भीम.

पत्र वना गुरुजींच्या हातचं आहे. मला कुठं लिहिता येतं! शाळा सुटल्यावर गुरुजी शाळेच्या ओट्यावर बसतात, मी सांगते तसं ते लिहितात. गावातल्या निम्म्या बायांची पत्रं तेच लिहितात आणि आलेली वाचूनही दाखवतात.

दोन वर्षं झाली, तू आमच्या दारी आला नाहीस. भगताकडून विशाखाच्या कानामागं डाग दिले, तेव्हा तू तुझ्या दाजींना वाटेल ते बोललास आणि तसाच उपाशी निघून गेलास. तुझं बरोबर होतं. डागांचे वण राहिले, कान काही उघडले नाहीत. पण राग किती दिवस धरायचा? भाचीनं तुझं काय वाईट केलं?

ती आता सात वर्षांची झाली. मागच्या महिन्यात झुलाल पाटलांचा ट्रॅक्टर तिच्या मागून आला. ड्रायव्हर भोंगा वाजवतोय आणि ही वाटेच्या मधोमध चिंचोके वेचत बसलेली. वीतभर अंतर राहिलं होतं. तेव्हापासून मी कापूस वेचायला जाते तर तिला लुगड्याच्या पट्टीनं घरातल्या मेढीच्या खांबाला बांधून जाते. पाण्याच्या तांब्यापर्यंत हात पोचेल एवढी पट्टी मोकळी ठेवते. संध्याकाळी येते तेव्हा ती दाराकडं तोंड करून बसलेली असते. रडत नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, धुळ्यात अशा मुलांची शाळा आहे, तिथंच राहायचं, तिथंच जेवायचं. तू एस.टी.च्या वर्कशॉपात आहेस, चार लोकांत तुझी ओळख आहे. एकदा जाऊन चौकशी कर. मी तुझ्याकडं आजवर काही मागितलं नाही, हे मागते.

तुझी अक्का, द्रौपदा
(हस्ते वना गुरुजी)


धुळे
१ मार्च १९८८

ती. अक्काला आधारचा जय भीम.

अक्का, पत्र वाचून दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. साहेबांनी दोनदा हटकलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकली, वर्कशॉपातल्या धनसिंगची सायकल मागून घेतली आणि शाळेत गेलो.

अगं, काय सांगू! पन्नास-साठ पोरं आहेत. मधल्या सुट्टीत आपल्या पोरांसारखाच धुडगूस, फक्त भांडणं हातांनी चाललेली. एक पोरगी दुसरीला बोटांनी असं काही बोलली की ती रुसून पायरीवर जाऊन बसली. मला तर हसूच आलं. मोठ्या बाई आहेत सुनंदाबाई. चष्म्यावरून बघतात, पहिल्यांदा भीतीच वाटते, पण माणूस सोन्यासारखं. म्हणाल्या, लहान वयात आली तर ओठ वाचायला शिकेल, लिहायला शिकेल, थोडं बोलेलसुद्धा. वय वाढलं की जीभ वळत नाही. म्हणून आठ वर्षांच्या वरच्या मुलाला त्या घेतच नाहीत. तसा नियमच आहे.

यंदा बारा जागा आहेत. आपली विशाखा दसऱ्याच्या सुमाराला झाली, म्हणजे जूनमध्ये पावणेआठ. अगदी काठावर आहे. पुढच्या वर्षी दार बंद.

कागद एकच लागतो. गावच्या शाळेचा दाखला, की हिचं नाव आमच्या पटावर नाही आणि हिचं वय अमुक. एक मूल दोन शाळांत दाखवता येत नाही म्हणून तो लागतो. वना गुरुजींना सांग, तेवढं लिहून शिक्का मारून द्या. त्यांना पाच मिनिटांचं काम. गुरुजी, तुम्हीच हे वाचून दाखवताय, तर इथं थांबून अक्काच्या तोंडाकडं बघा. ती हसली का मला कळवा.

दाजींना नमस्कार सांग. सांगायचा म्हणून सांग.

आधार


कुसुंबखेडे
२० मार्च १९८८

चि. आधार यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. मजकूर समजला. तू घेतलेल्या श्रमाबद्दल समाधान वाटले. तथापि पूर्ण विचारांती असे वाटते की, मुलगी अद्याप लहान असून तिला परगावी ठेवणे योग्य होणार नाही. तिला घरची सवय आहे. तिच्या वडिलांचीही इच्छा दिसत नाही. तरी यंदा हा विषय स्थगित ठेवावा, ही विनंती. पुढे योग्य वेळ येईल तेव्हा पाहू.

इकडील सर्व क्षेम.

द्रौपदाबाई
(हस्ते वना गुरुजी)


धुळे
२ एप्रिल १९८८

अक्का,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. विश्वास बसेना.

'स्थगित ठेवावा' म्हणे! हे दाजींचे शब्द असणार. ज्या माणसानं पोटच्या पोरीच्या कानामागं तापलेली सळई लावू दिली, त्याला ती परगावी गेली की करमणार नाही, हे मला पटवायला निघालात का? आणि तू? तू तरी तोंड उघडायचं होतंस. मला वाटलं होतं, माझी अक्का अडाणी असेल पण लेचीपेची नाही.

सुनंदाबाईंनी वहीत विशाखाचं नाव पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. दहा जूनपर्यंत कागद आले नाहीत तर खोडतील. माझं काय, मी अजून एक रजा घालवेन. तुला पाहिजे तर बांध तिला मेढीला. जन्मभर बांधून ठेव.

आधार


धरणगाव
१४ मे १९८८

प्रिय आधार यास,

हे पत्र पोस्टाच्या बाहेर बसणाऱ्या पितांबर लेखनिकाच्या हातचं आहे. मी त्यांना म्हटलं, मी सांगते तसंच लिहा, सजवू नका. शाळेला सुट्टी लागली, वना गुरुजी त्यांच्या आईला घेऊन जळगावला दवाखान्यात गेलेत. म्हातारीची एक बाजू गेलेली आहे. म्हणून बाजाराच्या दिवशी इथं आले.

भाऊ, तुझी दोन्ही पत्रं गुरुजींनी वाचून दाखवली. पहिल्यात तू कळवलंस की जागा भरल्या. मी लगेच उत्तर लिहवलं, की बाकावर जागा नसेल तर माझी पोर जमिनीवर बसेल, तिथली भांडी घासेल, मी येऊन झाडलोट करेन, पण बाईंच्या पाया पड आणि तिला घे. तुझे दाजी बाजूला उभे होते. ते म्हणाले, 'आधारले लिख, मी चुकनू. मना राग पोरवर काढू नको.' एवढा ताठ माणूस, पण बोलला. दुसऱ्या पत्रात तू एवढंच लिहिलंस की पुढच्या वर्षी बघू. दाजींबद्दल तर एक अक्षर नाही. मला वाईट वाटलं. पण तू काय करणार, तुझ्या हातात थोडंच आहे.

आज लिहायचं कारण वेगळं. परवा शेतात कापसाच्या पऱ्हाट्या उपटायला गेले होते. आले तर मेढीला नुसती पट्टी. दातांनी कुरतडून तोडलेली. सगळा गाव शोधला. विहिरीत गळ टाकला. पुना कोळी पाण्यात उतरला. मी काठावर बसून होते, मला रडूही येत नव्हतं. सांजेला शेजारची कलाबाई ओरडत आली. पोर शाळेत सापडली. शाळा बंद, कुलूप. ही व्हरांड्यात भिंतीला टेकून मांडी घालून बसलेली, समोर एक फरशीचा तुकडा पाटीसारखा धरलेला.

तिला ती जागा माहीत आहे. वर्षातून एकदा तपासणीचे साहेब येतात, तेव्हा गुरुजी निरोप धाडतात की पोरीला गणवेश घालून पाठवा. तिला मागच्या ओळीत बसवतात. साहेब गेले की घरी पाठवतात. त्या दिवशी ती रात्री गणवेश काढू देत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटी घेऊन निघाली की मी तिला धरून आणते, ती मला चावते. गुरुजी म्हणतात, साठ पोरांत मी हिला कसं शिकवू? त्यांचंही खरं आहे.

भाऊ, आता मला तिला बांधायची भीती वाटते आणि सोडायचीही भीती वाटते. काहीतरी कर.

द्रौपदा
(ता. क. बाई बोलल्या तसेच लिहिले आहे. पितांबर.)


कुसुंबखेडे, शाळेच्या ओट्यावरून
२२ मे १९८८

वना गुरुजी,

मी आधार, द्रौपदाबाईचा भाऊ. आज मुद्दाम आलो. तुम्ही जळगावहून परतला नव्हता, म्हणून चिठ्ठी दाराच्या फटीतून टाकतोय.

मी माझ्या पत्रांत काय लिहिलं होतं ते अक्काला आणि दाजींना तोंडानं सांगितलं. अक्का ऐकून घेत होती. शेवटी एवढंच बोलली, 'मंग ते कसाले खोटं वाचतीन?' तिला अजून पटलेलं नाही. तुमच्याबद्दल वाईट बोलायला ती तयार नाही. मी दाजींच्या पाया पडलो. दोन महिने मी त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या.

गुरुजी, आमचं तुमचं काय वाकडं आहे? पाच मिनिटांचा कागद होता. बौद्धवाड्यातली पोर धुळ्याला जाऊन शिकली तर तुमच्या गावाचं काय बिघडत होतं? जातीवरून केलं असेल तर तसं तोंडावर सांगा, मला ते कळतं. त्याची सवय आहे. पण अडाणी बाईसमोर कागद धरून भलतंच वाचायचं, ह्याला काय म्हणायचं ते मला सुचत नाही.

दहा जूनला मुदत संपते. दाखला धाडा. जास्त लिहीत नाही.

आधार


कुसुंबखेडे
३० मे १९८८

रा. रा. आधारभाऊ यांस वना गुरुजीचा नमस्कार.

तुमची चिठ्ठी वाचली. आता खरं लिहितो. लिहिण्यात माझी उभी हयात गेली, पण हे पत्र चार वेळा फाडलं.

'पटावर नाव नाही' असा दाखला मी देऊ शकत नव्हतो, कारण तिचं नाव पटावर आहे. तीन वर्षांपासून आहे. १९८५ साली पट दोन पोरांनी कमी भरत होता. पट कमी झाला की शाळेतली दुसऱ्या शिक्षकाची जागा जाते, आणि दुसरी जागा माझी. बदली झाली असती तर सातपुड्याच्या पायथ्याला कुठंतरी. अंथरुणावरची आई घेऊन मी कुठं जाणार होतो? म्हणून दोन नावं घातली. एक वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबातल्या पोराचं, आणि दुसरं विशाखाचं. तुमच्या बहिणीचा अंगठा घेतला. त्यांना वाटलं गणवेशासाठी घेतला. मीच तसं सांगितलं होतं.

ती तेव्हा पावणेपाच वर्षांची होती. पहिलीत घालायला सहा पूर्ण लागतात. मी जन्मसाल १९८० चं १९७८ केलं. ग्रामपंचायतीत तिची नोंदच नाही, त्यामुळे सरकारदरबारी तिचा जन्म माझ्या लेखणीनं झाला. रोज हजेरी लावली. तिला पहिली पास केलं, दुसरी पास केलं, यंदा तिसरीही. वर्तणूक चांगली असं लिहिलं. ती त्या वेळी चार घरांपलीकडं वाटेवर चिंचोके वेचत असायची आणि यंदा तर मेढीला बांधलेली, हे मला ठाऊक होतं.

तुमचं पहिलं पत्र ओट्यावर वाचायला घेतलं. तुमची बहीण समोर उकिडवी बसली होती, पदर तोंडात धरून. तुम्ही लिहिलं होतं, तिच्या तोंडाकडं बघा. मी बघितलं नाही. 'जागा भरल्या म्हणतात,' असं माझ्या तोंडून निघून गेलं. एकदा निघाल्यावर मागं घेता आलं नाही. पुढची सगळी पत्रं मग त्या एका वाक्यासाठी लिहावी लागली.

तुम्ही जातीचं विचारलंत. पाटलाच्या पोरीचं साल मी असं बदललं असतं का, आणि तिच्या बापासमोर असं खोटं वाचलं असतं का? नसतं वाचलं. तेव्हा तुमचा आरोप मला नाकारता येत नाही.

सोबत दोन कागद आहेत. पहिला शाळा सोडल्याचा दाखला, रजिस्टरप्रमाणे. त्यात ती पावणेदहा वर्षांची आणि तिसरी पास आहे. दुसरा माझ्या हातचा, की हे साल मी खोटं घातलं, मुलगी एक दिवसही वर्गात शिकलेली नाही. खाली सही केली आहे. तो वर पोचला तर माझी नोकरी जाईल. तुम्हाला वाटेल तो वापरा.

वना


धुळे
१२ जून १९८८

ती. अक्काला जय भीम.

हे पत्र वना गुरुजींकडूनच वाचून घे. मुद्दाम सांगतो. त्यांनाही ऐकू दे.

अक्का, नाही झालं.

मी दोन्ही कागद घेऊन सुनंदाबाईंकडं गेलो. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले आणि चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, रजिस्टरमध्ये असेल तेच खरं धरावं लागतं. गुरुजींचा साधा कागद चालत नाही. मी म्हटलं, डॉक्टरकडून वय काढून आणतो. तुला आठवतं, पाच तारखेला विशाखाला इथं घेऊन आलो होतो, ते त्यासाठीच. डॉक्टरांनी दात बघितले, हाताचा फोटो काढला, म्हणाले सात-आठ वर्षं. पण कागदावर लिहून देईनात. शाळेत नोंद असेल तर आमचा दाखला लागू होत नाही म्हणाले. म्हणजे तिचे स्वतःचे दात तिच्या बाजूनं साक्ष देतात, तेही कुणी मानायला तयार नाही!

दहा तारखेला मी त्या शाळेच्या पायरीवर संध्याकाळपर्यंत बसलो. लाज सोडून रडलो. ज्या पोरीला मी रुसताना बघून हसलो होतो, ती येऊन माझ्याकडं बघत उभी राहिली. तिनं मला हातानं काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. सुनंदाबाईंनी माझ्यासमोर पेन्सिलीचं नाव खोडलं. खोडताना त्यांचाही चेहरा बघवत नव्हता.

त्या म्हणाल्या, रजिस्टर दुरुस्त करायचं तर गुरुजींचा कागद शिक्षण खात्याकडं पाठवावा लागेल. चौकशी होईल, वर्ष जाईल. तोवर ती खरोखरच आठच्या पुढं गेलेली असेल. म्हणजे कागद पाठवला तरी विशाखाला इथं जागा नाहीच. फक्त गुरुजी घरी बसतील.

तो कागद माझ्या ट्रंकेत आहे. माझं मन म्हणतं, उद्याच पाठवावा. माझ्या भाचीचं आयुष्य गेलं आणि हा माणूस पगार घेत राहणार का? पण पोर तुझी आहे. पाठवू का नको, तू सांग. तू सांगशील ते मी करेन. दुसऱ्यांदा तुझ्यावर अविश्वास दाखवणार नाही. त्या एप्रिलच्या पत्राबद्दल मला माफ कर, जमलं तर.

आधार


कुसुंबखेडे
१८ जुलै १९८८

चि. आधारला द्रौपदाचा आशीर्वाद आणि जय भीम.

पत्र वना गुरुजींच्याच हातचं आहे. मी त्यांना सांगितलं, मी बोलेन तो शब्द लिहायचा, तुमच्या विरुद्ध असला तरी. लिहून झालं की कलाबाईची नवी सून वाचून बघणार आहे, ती सातवी शिकलेली आहे. (होय. वना.)

तुझं पत्र त्यांनी वाचलं. 'नाही झालं' इथं ते थांबले. मी म्हटलं, थांबू नका, पुढं वाचा. सगळं वाचून झाल्यावर त्यांनी पत्राची घडी करून माझ्या हातात दिली. मी उठून घरी गेले. दोन दिवस चूल पेटवली नाही. तुझे दाजी कलाबाईकडून भाकरी आणून पोरीला भरवत होते. मला मरावंसं वाटलं, भाऊ. खरं सांगते. विहीर जवळच आहे.

तिसऱ्या दिवशी शाळा भरली. मी पोरीला अंघोळ घातली, गणवेश चढवला, हाताला धरलं आणि वर्गाच्या दारात उभी राहिले. पोरं टकमक बघायला लागली. मी गुरुजींना म्हटलं, 'हिनं नाव शे ना तुमना कागदवर? तीन वरीस रोज हजर शे ना? मंग आते ती रोज ई.' (असेच म्हणाल्या, की आता ती रोज येईल. वना.) मागच्या ओळीत नाही, पहिल्या ओळीत बसवली, गुरुजींच्या तोंडासमोर. दोन पोरी सरकायला तयार नव्हत्या. गुरुजींनी त्यांना सरकवलं. सोडल्याचा दाखला वापरला गेला नाही, म्हणून पटावरचं नाव त्यांनी खोडलेलं नव्हतं.

आधार, फार चांगलं चाललंय असं समजू नकोस. ती ओरडते. बाकीची पोरं हसतात. गुरुजींना तिला शिकवता येत नाही, ते तसं कबूल करतात. फळ्यावर चित्र काढून खाली अक्षर लिहितात, ती चित्राला हात लावते आणि अक्षर पुसून टाकते. सुनंदाबाईंकडं जी विद्या आहे ती ह्या गावात कुणाकडं नाही. ती जागा गेली ती गेली. रात्री तिच्या तोंडाकडं बघते तेव्हा ते खोडलेलं नाव आठवतं. पण दिवसा ती मेढीला बांधलेली नसते.

तो कागद पाठवू नकोस. आणि फाडूही नकोस. ट्रंकेत तसाच ठेव. गुरुजींना मी तोंडावर सांगितलंय, तुमची बदली झाली तर माझ्या पोरीकडं बघायला दुसरा कोण येणार? पण ज्या दिवशी तुम्ही हिला घरी पाठवाल, त्या दिवशी मी भावाला पत्र घालीन, आणि ते पत्र धरणगावला जाऊन लिहवीन. सुनंदाबाईंना विचार, हातांनी कसं बोलतात ते एखाद्या वहीत चित्र काढून देतील का. गुरुजी म्हणतात, वही आली तर आधी ते शिकतील.

परवा पोरीला ताप होता, शाळेत पाठवली नाही. संध्याकाळी गुरुजी घरी आले. आमच्या वाड्यात ते पहिल्यांदाच आले. पाणी दिलं, प्यायले. काखेत हजेरीपट होता. तो उघडून त्यांनी विशाखाच्या नावापुढं बोट ठेवलं. मला वाचता येत नाही, पण मागच्या सगळ्या घरांतली खूण एकसारखी होती आणि त्या दिवसाच्या घरातली वेगळी. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, 'आज ती आली नव्हती. गैरहजर लिहिलं.'

तीन वर्षांत पहिल्यांदा, आधार. मी तो हजेरीपट मांडीवर घेऊन त्या एका खुणेवर बोट ठेवून बसले.

तुझी अक्का, द्रौपदा
(हस्ते वना गुरुजी. कलाबाईच्या सुनेने वाचून पाहिले, बरोबर आहे.)